लहान व्यवसायासाठी पहिले भरतकाम मशीन कसे निवडावे

शाळेच्या गणवेशावरचा बॅज, ढोल-ताशा पथकाच्या कुर्त्यावरचे नाव, ब्लाऊजच्या पाठीवरचा मोर आणि बारशाला द्यायच्या दुपट्यावरचे बाळाचे नाव ही सगळी कामे भरतकामाचीच असली, तरी त्या सगळ्यांना एकच मशीन सारखे सोयीचे पडत नाही. नवा व्यवसाय सुरू करणारा माणूस मात्र बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. तो आधी दुकानात जातो, विक्रेता त्याला सुयांची संख्या, मिनिटाला पडणारे टाके आणि मशीनमध्ये भरून आलेल्या नक्षींचा आकडा ऐकवतो, आणि मशीन घरी आल्यावर त्याला साजेसे काम शोधण्याची वेळ येते. या लेखात आधी काम, मग त्या कामाला लागणारी फ्रेम, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, आणि वेळ, त्यानंतर मशीन आणि शेवटी पैशांची सोय असा क्रम ठेवला आहे. शिवणकाम येते, पिको-फॉल किंवा ब्लाऊज शिवण्याची सवय आहे, परंतु संगणकीय भरतकाम कधी केलेले नाही, असा वाचक डोळ्यांसमोर आहे.

पायरी १ : आधी ऑर्डर, मग मशीन

पहिले दोन-तीन महिने स्वतःचे मशीन न घेता काम करावे, असे सुचवले की पुष्कळांना ते विचित्र वाटते. पण ते सहज जमण्यासारखे आहे. बहुतेक शहरांत आणि तालुक्याच्या मोठ्या गावांत जॉब वर्क करणारे भरतकामवाले असतात आणि ते दर हजार टाक्यांमागे ठरलेल्या दराने काम करून देतात. ओळखीच्या शाळेची, मंडळाची किंवा बुटिकची लहानशी ऑर्डर घ्यावी, तिची नक्षी त्यांच्याकडूनच तयार करून घ्यावी आणि माल त्यांच्याच मशीनवर काढून द्यावा. हातात फार पैसे उरत नाहीत. मात्र कोणते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, कोण भाव पाडून मागते आणि कोणत्या कापडावर तक्रारी येतात, हे मशीनचा एकही हप्ता न भरता कळते.

या काळात एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक ऑर्डरची वस्तू, कापड, नक्षीची लांबी-रुंदी, रंग, टाके, नग आणि गिऱ्हाइकाने दिलेली मुदत लिहावी. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हीच वही उपयोगी पडते, कारण विक्रेत्याच्या प्रत्येक दाव्याला विचारायचा प्रश्न तिच्यातूनच निघतो.

हंगामाचाही विचार याच वेळी करावा. गणवेशांचे काम शाळा उघडण्याच्या आधी एप्रिल ते जूनमध्ये गर्दीने येते, मंडळांचे आणि पथकांचे काम गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत येते आणि ब्लाऊज, शेले, उपरणी यांचे काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईत वाढते. गणवेशाच्या बाबतीत थोडे स्पष्ट बोलायला हवे. सोलापूर हे गणवेशनिर्मितीचे मोठे केंद्र आहे, आणि सुरतेत तर अनेक हेडांच्या (हेड म्हणजे मशीनचा सुया बसवलेला भाग; जितके हेड, तितके नग एकाच वेळी) भरतकाम मशीनांचे कारखानेच्या कारखाने आहेत. तेथे एकाच वेळी डझनावारी नग निघतात. एका हेडच्या मशीनवर बसून त्यांच्याशी दराची स्पर्धा करू नये. लहान व्यावसायिकाची जागा पंचवीस-पन्नास नगांच्या, प्रत्येक नगावर वेगळे नाव असलेल्या आणि चार दिवसांत हव्या असलेल्या कामात आहे. असे काम मोठा कारखाना घेत नाही, घेतले तरी त्याला ते परवडत नाही.

पायरी २ : मशीनचे प्रकार समजून घ्यावेत

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे झिगझॅग भरतकाम मशीन. यात संगणक नसतो. कारागीर कापड हाताने फिरवतो आणि गुडघ्याने दाबायच्या दांडीने टाक्याची रुंदी कमी-जास्त करतो. ज्याच्या हातात कला आहे आणि ज्याला ब्लाऊज व साडीचेच काम करायचे आहे, त्याने केवळ संगणकाचा जमाना आहे म्हणून हे मशीन नाकारू नये. मात्र एकसारखे शंभर बॅज त्यावर निघत नाहीत, आणि कारागीर आजारी पडला की काम थांबते.

दुसरा प्रकार एका सुईच्या घरगुती संगणकीय मशीनचा. उषा-जेनोम आणि ब्रदर यांची अशी मशीने भारतात सर्वत्र परिचित आहेत. नक्षीत पाच रंग असतील, तर मशीन चार वेळा थांबते आणि प्रत्येक वेळी धागा हाताने बदलावा लागतो. हे मशीन टेबलावर मावते, घरच्या प्लगवर चालते, आवाज कमी करते आणि एकेक नगाच्या कामाला उत्तम असते. याच वर्गात शिवण आणि भरतकाम अशी दोन्ही कामे करणारी जोडमशीनेही मिळतात. शिवणाचे मशीन घरात आधीच असेल, तर जोडमशीनवर पैसे घालवू नयेत, कारण त्यावर तासभर भरतकाम चालू असताना शिवण बंद राहते. तेवढ्याच पैशांत मोठ्या फ्रेमचे फक्त भरतकामाचे मशीन मिळत असेल, तर ते घ्यावे.

तिसरा प्रकार एक हेड आणि अनेक सुया असलेल्या व्यावसायिक मशीनचा. यात रंग मशीन स्वतः बदलते, धागा स्वतः कापते, आणि बॉबिनच्या जागी टेबलाऐवजी अरुंद दांडी असल्यामुळे शिवलेला शर्ट, पिशवी किंवा टोपी तिच्यावर ओवता येते. ताजिमा, बारुदान आणि हॅपी ही जपानी नावे आहेत, झेडएसके जर्मन आहे, आणि आपल्या बाजारात सर्वाधिक दिसणारी मशीने चिनी बनावटीची असून त्यांतील अनेकांवर दाहाओ कंपनीचे कंट्रोल पॅनेल असते. नऊ, बारा की पंधरा सुया, या प्रश्नावर दुकानात बराच वेळ जातो, पण तो तितका महत्त्वाचा नाही. रोजच्या कामात काळा, पांढरा, लाल, सोनेरी असे चार-सहा रंग कायम लावलेले राहतात आणि उरलेल्या सुयांवर त्या-त्या ऑर्डरचे रंग येतात. बारांवरून पंधरा सुयांवर जाण्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागत असेल, तर ती मोठ्या फ्रेमवर किंवा टोपीच्या जोडणीवर खर्च केलेली बरी.

अनेक हेडांची मशीने हे पहिल्या खरेदीचे काम नव्हे, म्हणून त्यांचा विचार येथे सोडला आहे.

पायरी ३ : फ्रेमचे माप वहीशी ताडून पाहावे

पहिल्या खरेदीत फसगत होते ती बहुतेक वेळा फ्रेममध्ये. घरगुती मशीनच्या लहान फ्रेमचे माप चार इंच बाय चार इंच, म्हणजे साधारण १०० बाय १०० मिलिमीटर असते, त्यावरचे माप पाच इंच बाय सात इंच असते, आणि मोठ्या घरगुती मशीनवर २०० बाय २८० मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठी फ्रेम मिळते. छातीवरचा बॅज चार इंचांत आरामात बसतो. ब्लाऊजच्या मागच्या गळ्याची नक्षी मात्र सहसा दहा-बारा इंच रुंद असते. पाच बाय सातच्या फ्रेमवर ती तुकड्यांत काढावी लागते. प्रत्येक तुकड्यासाठी कापड सोडून पुन्हा ताणून बसवायचे, खुणा जुळवायच्या आणि सांधा दिसू द्यायचा नाही, हे कसबी माणसालाही वेळखाऊ जाते; नवख्याच्या हातून एक-दोन महागडी ब्लाऊज पीस वाया गेल्याशिवाय राहत नाहीत. बाह्यांच्या जोडीतही हाच त्रास होतो, कारण डावी आणि उजवी नक्षी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्या लागतात आणि दोन्हींची काठापासूनची उंची एकच यावी लागते.

म्हणून वहीतली सर्वांत मोठी नक्षी किती रुंद होती ते पाहावे आणि तिच्यापेक्षा किमान दीड-दोन सेंटिमीटर अधिक क्षेत्र ज्या फ्रेममध्ये मिळते तेच मशीन विचारात घ्यावे. येथे एक बारकावा आहे. विक्रेता फ्रेमचे बाहेरचे माप सांगतो; आपल्याला हवे असते ते सुई प्रत्यक्ष पोहोचते ते क्षेत्र, आणि ते नेहमी लहान असते. माहितीपत्रकात ‘भरतकामाचे कमाल क्षेत्र’ अशी वेगळी नोंद असते, ती वाचावी.

टोप्यांचे काम करायचे असेल, तर टेबलासारख्या सपाट घरगुती मशीनचा विचारच करू नये. तयार टोपीच्या पुढच्या बाजूवर नीट काम करण्यासाठी तिला गोलाकार फिरवणारी खास जोडणी लागते आणि ती व्यावसायिक मशीनवरच बसते. ही जोडणी किमतीत धरली आहे की वेगळी घ्यावी लागेल, हे लेखी विचारावे.

पायरी ४ : टाक्यांचा, मिनिटांचा आणि रुपयांचा हिशेब

मिनिटाला हजार किंवा बाराशे टाके, असे पत्रकावर छापलेले असते. तेवढ्या वेगाने रोज कोणी मशीन चालवत नाही. व्यावसायिक मशीन साध्या कापडावर ६५० ते ८५० आणि टोपी किंवा जरीच्या धाग्यावर त्याहून कमी वेगाने चालवतात. घरगुती मशीनचा कमाल वेगही बऱ्याचदा ८०० च्या आसपास लिहिलेला असतो, पण मधले थांबे धरले की हातात येणारा वेग पुष्कळ उतरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, ६,००० टाक्यांचा, तीन रंगांचा बॅज २०० शर्टांवर काढायचा आहे. घरगुती मशीन ५०० च्या वेगाने १२ मिनिटे घेईल, दोनदा धागा बदलण्यास दोन मिनिटे जातील आणि कापड फ्रेममध्ये बसवण्यास आणखी दोन. म्हणजे एका नगाला १६ मिनिटे आणि सगळ्या ऑर्डरला ५३ तासांहून अधिक. व्यावसायिक मशीन ७५० च्या वेगाने ८ मिनिटांत काम उरकेल, आणि एक शर्ट चालू असताना दुसरा दुसऱ्या फ्रेममध्ये बसवून ठेवता येत असल्यामुळे एका नगाला सुमारे ९ मिनिटे, म्हणजे एकूण ३० तास लागतील. दिवसाला सहा तास मशीन चालते असे धरले, तर पहिल्या मशीनला नऊ दिवस आणि दुसऱ्याला पाच दिवस. त्याहून मोठा फरक माणसाच्या मोकळेपणाचा आहे: पहिल्या मशीनपाशी बसूनच राहावे लागते, दुसरे चालू असताना धागे कापणे, इस्त्री करणे, पुढची ऑर्डर घेणे ही कामे होतात. उलट, वहीत दुपट्यावरची नावे आणि रुमालांवरची आद्याक्षरे अशीच एकेका रंगाची कामे भरलेली असतील, तर अनेक सुयांचा फायदा जवळजवळ उरतच नाही.

आता रुपयांचा हिशेब करू. समजा, मशीन चार लाखांचे आहे आणि त्याची किंमत चार वर्षांत वसूल व्हावी, अशी अपेक्षा आहे. वर्षाला एक लाख रुपये झाले. वर्षातले २५० दिवस रोज पाच तास मशीन चालले, तर तासाला ८० रुपये पडतात. थांबे धरून मिनिटाला ६०० टाके, म्हणजे तासाला ३६,००० टाके निघाले, तर प्रत्येक हजार टाक्यांवर मशीनचा भार सव्वादोन रुपयांच्या आत राहतो. तेच मशीन रोज एकच तास चालले, तर हा भार अकरा रुपयांच्या वर जातो. व्याज, वीज, धागा, नक्षीखाली लावायचा पेपर, मजुरी आणि खराब झालेले नग हे सगळे याच्या वर. आपल्या गावातला जॉब वर्कचा दर आणि हा आकडा शेजारी ठेवावेत. महाग मशीन परवडत नाही, असे सहसा नसते; बंद पडून राहिलेले मशीन परवडत नाही. म्हणून रोज दोन तासांपेक्षा कमी काम असेल, तर घरगुती मोठ्या फ्रेमचे मशीन घेऊन मोठ्या ऑर्डरी पूर्वीप्रमाणे बाहेरून करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ५ : नक्षी कोण तयार करणार, हे ठरवावे

चित्र किंवा लोगो मशीनला समजेल अशा टाक्यांच्या फाइलमध्ये बसवण्याला आपल्याकडे पंचिंग म्हणतात. मशीन कितीही भारी असले, तरी वाईट पंचिंगची नक्षी त्यावर वाईटच येते. सुरुवातीला पंचिंग बाहेरून करून घ्यावे आणि सहा महिन्यांनी स्वतः शिकायला घ्यावे. दोन्ही गोष्टी एकदम शिकायला गेल्यास बिघडलेला नग पंचिंगमुळे बिघडला की टेन्शनमुळे (धाग्याच्या ताणामुळे), हेच कळत नाही.

व्यावसायिक मशीनवर डीएसटी प्रकारची फाइल चालते, ब्रदरची घरगुती मशीने पीईएस आणि जेनोमची जेईएफ वाचतात. डीएसटी फाइलमध्ये सुईच्या हालचाली आणि रंग बदलण्याचे थांबे एवढेच असते, रंगांची नोंद नसते. त्यामुळे फाइलसोबत रंगांच्या क्रमाचा कागद मागून घ्यावा आणि तो जपावा. मशीनच्या पडद्यावर नक्षी लहान-मोठी करता येते खरी, पण दहा टक्क्यांच्या पलीकडे गेल्यास टाके दाटतात किंवा विरळ पडतात. तीन इंचांचा बॅज पाच इंचांचा हवा असेल, तर तो नव्याने पंच करून घ्यावा.

मराठीत काम करणाऱ्याने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मशीनमध्ये भरून आलेली अक्षरे जवळजवळ नेहमी रोमन असतात. ‘आमच्या मशीनमध्ये वीस फाँट आहेत’ या वाक्याचा आपल्या कुर्त्यांवरच्या नावांना काहीही उपयोग नाही. चाळीस वादकांच्या पथकात प्रत्येकाचे नाव वेगळे असते, आणि प्रत्येक नावासाठी वेगळी फाइल बाहेरून घ्यावी लागली, तर नफा पंचिंगमध्येच संपतो. म्हणून नावांचे काम करायचे असल्यास देवनागरी नीट हाताळणारे सॉफ्टवेअर सुरुवातीपासूनच लागते. ते विकत घेण्यापूर्वी त्यात ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘प्रार्थना’ आणि ‘शार्दूल’ ही चार नावे टाइप करून पाहावीत. ज्ञ, श्व, कृ, र्थ आणि दू हे तुटून वेगळे पडत असतील, तर ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेले असले, तरी आपल्या कामाचे नाही. विलकॉम हे या व्यवसायातले सर्वांत प्रचलित, पण महाग सॉफ्टवेअर आहे. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारे इंक/स्टिच मोफत मिळते. त्यात टाक्यांची बरीच रचना स्वतः करावी लागते, तरीही शिकणाऱ्यासाठी ते चांगले आहे.

नामांकित ब्रँडचे लोगो त्यांच्या परवानगीशिवाय कपड्यांवर काढून विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार गुन्हा ठरू शकतो. अशी ऑर्डर कितीही मोठी असली, तरी घेऊ नये.

पायरी ६ : डेमो आपल्या कापडावर घ्यावा

दुकानातला डेमो जाड, ताठ कापडावर, खास निवडलेल्या फुलावर आणि सरावलेल्या हाताने होतो. तसे कापड आणि तसे फूल आपल्याकडे कोणी घेऊन येणार नाही. डेमोला जाताना होजिअरीचा पातळ टी-शर्ट, ब्लाऊजचे रेशमी किंवा सुती-रेशमी कापड, गणवेशाचे टेरीकॉट आणि एक टॉवेल, असे चार नमुने न्यावेत. सोबत पेन ड्राइव्हमध्ये स्वतः पंच करून घेतलेली एक चाचणीची नक्षी ठेवावी. तिच्यात भरीव वर्तुळ आणि त्याभोवती सॅटिनची, म्हणजे एकमेकांना लागून आडव्या पडणाऱ्या टाक्यांची, कड असावी, आणि खाली एकच मराठी ओळ तीन आकारांत असावी. हीच नक्षी आणि हीच कापडे दोन-तीन दुकानांत चालवली, तरच तुलना खरी होते.

नक्षी चालू असताना मागे सरून वेग पाहण्यापेक्षा जवळ उभे राहून शिरोरेखा पाहावी. चांगल्या पंचिंगमध्ये आधी अक्षरे आणि शेवटी त्यांच्यावरची रेघ येते. अक्षरांचे टाके कापडाला आत ओढतात. फ्रेमची हालचाल सैल असेल किंवा कापड नीट ताणलेले नसेल, तर ती रेघ अक्षरांच्या डोक्यावर न बसता केसभर वर जाते आणि मधून कापडाची फट दिसू लागते. वर्तुळाची कडही अशीच एका बाजूला भरावापासून सुटते. एकाच फाइलवर, एकाच कापडावर एका दुकानात फट दिसली आणि दुसऱ्यात दिसली नाही, तर दोष मशीनचा किंवा चालवणाऱ्याचा आहे. सगळीकडे दिसली, तर पंचिंग करणाऱ्याला गाठावे. अनुस्वाराचे टिंब आणि उकाराची शेपटी किती लहान आकारापर्यंत ओळखू येते, तेही याच वेळी कळते. रोमन अक्षर पाच मिलिमीटर उंचीला वाचता येते. मराठी अक्षराला वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने त्याच धाग्यात पूर्ण ओळीची उंची साधारण दुप्पट लागते. याहून बारीक काम हवे असेल, तर नेहमीच्या ४० नंबरऐवजी ६० नंबरचा बारीक धागा आणि ७५/११ ऐवजी ६५/९ ची सुई लावून दाखवायला सांगावे.

मग नग उलटा करावा. सॅटिनच्या पट्टीत मागच्या बाजूला मधोमध एक तृतीयांश बॉबिनचा पांढरा धागा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत धागा दिसला, तर टेन्शन बरोबर आहे. पांढरा धागा वरच्या बाजूला डोकावत असेल, तर विक्रेत्याला आपल्यासमोर ते दुरुस्त करायला लावावे. तो ते किती सहजपणे करतो, यावरून त्याच्या माणसांची तयारीही कळते.

शेवटी एक परीक्षा जरूर घ्यावी. नक्षी अर्ध्यावर असताना मशीनचा वीजपुरवठा बंद करायला सांगावा. वीज परत आल्यावर मशीनने त्याच टाक्यापासून काम पुढे न्यायला हवे. सुई दोन मिलिमीटर सरकून सुरू झाली, तर पावसाळ्यात आपले किती नग वाया जातील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पायरी ७ : दुरुस्ती करणारा माणूस किती लांब आहे

दोन मशीनांमध्ये निवड होत नसेल, तर ज्याचा तंत्रज्ञ जवळ राहतो ते घ्यावे. मुंबईतल्या विक्रेत्याचा माणूस गडचिरोलीला किंवा सावंतवाडीला कधी पोहोचणार, हा प्रश्न हंगामात हजारो रुपयांचा होतो. विक्रेत्याकडून त्याच मॉडेलच्या, दोन वर्षांहून जुन्या अशा दोन-तीन गिऱ्हाइकांचे पत्ते घ्यावेत आणि त्यांच्याकडे जाऊन मशीन कितीदा बंद पडले, बोलावल्यावर माणूस किती दिवसांनी आला आणि सुटा भाग मिळायला किती वेळ लागला, एवढेच विचारावे. बॉबिन केस, रोटरी हुक, धागा कापणारे पाते आणि कंट्रोल बोर्ड हे भाग विक्रेत्याच्या गोदामात आहेत की मागवावे लागतात, तेही पाहून घ्यावे. वॉरंटीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड धरला आहे का आणि तंत्रज्ञाच्या येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी हवे.

कोटेशन किमान दोन ठिकाणांहून घ्यावे आणि त्यात जीएसटी, वाहतूक, माल उतरवणे, जोडणी, प्रशिक्षणाचे दिवस, सोबत येणाऱ्या फ्रेमांची मापे आणि सॉफ्टवेअर यांचा वेगवेगळा उल्लेख असावा. टिकल्या किंवा डोरीची जोडणी आज नको असली, तरी ती पुढे बसवता येईल का, हे आताच विचारून ठेवावे.

जुने मशीन घ्यायचे असेल, तर ते तासभर त्याच्या नेहमीच्या वेगावर सलग चालवून पाहावे, धागा कितीदा तुटतो ते मोजावे, हुकावर ओरखडे आहेत का ते बोटाने चाचपावे आणि त्याच्या कंट्रोल पॅनेलचे भाग अजून मिळतात का, याची स्वतंत्र चौकशी करावी. मूळ बिल विक्रेत्याच्याच नावावर आहे आणि मशीनवर बँकेच्या कर्जाचा बोजा नाही, याची खात्री झाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

पायरी ८ : पैशांची सोय

पहिला नियम असा की अनुदान हवे असेल, तर अर्ज मंजूर होण्यापूर्वी मशीन घेऊ नये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान नव्या उद्योगासाठी आहे. आधीच सुरू झालेल्या उद्योगाला पहिल्या कर्जावर ते मिळत नाही. या योजनेत सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदी विशेष प्रवर्गांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. महाराष्ट्र शासनाचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर चालतो. दोन्हींची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. मुद्रा कर्ज योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. घरगुती मशीनसाठी शिशु किंवा किशोर आणि व्यावसायिक मशीनसाठी किशोर गट सहसा पुरेसा होतो. परंपरेने शिवणकाम करणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही आहे, कारण तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तिच्यात पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

पायरी ९ : जागा, वीज आणि पहिले साहित्य

व्यावसायिक मशीनचे वजन बहुधा शंभर किलोंच्या पुढे असते. जिन्याची रुंदी, दाराचे माप आणि फ्रेम मागे-पुढे सरकण्यासाठी मशीनच्या पाठीमागे लागणारी मोकळी जागा पैसे भरण्यापूर्वी टेपने मोजावी. एक हेडचे मशीन सिंगल फेजवर चालते. मात्र अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि व्होल्टेज वर-खाली होत असल्यास स्टॅबिलायझर किंवा यूपीएस त्याच दिवशी बसवावा. घरच्या मीटरवर व्यवसाय चालवताना कोणता दर लागू होतो, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आधीच विचारावे.

धाग्याचे साठ रंग एकदम घेऊन ठेवू नयेत. वहीतल्या ऑर्डरींत आलेले दहा-बारा रंग ४० नंबरच्या पॉलिस्टर धाग्यात घ्यावेत. हजार टाक्यांना वरचा धागा साधारण पाच ते सहा मीटर लागतो, त्यामुळे ५,००० मीटरचा कोन बराच पुरतो. नक्षीखाली लावायच्या पेपरवर मात्र काटकसर करू नये. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टला नंतर कात्रीने कापावा लागणारा टिकाऊ पेपर लागतो, गणवेशाच्या घट्ट विणीच्या कापडाला फाडून काढता येणारा चालतो, आणि टॉवेलवर टाके रुतू नयेत म्हणून वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी लागते. फाडायचा पेपर स्वस्त पडतो म्हणून तो टी-शर्टला लावला, तर पहिल्याच धुण्यात लोगो आकसतो आणि ऑर्डर परत येते. सुया घेताना मशीनच्या पुस्तिकेतील प्रकार पाहावा: व्यावसायिक मशीनला गोल दांड्याची डीबी×के५ आणि घरगुतीला एका बाजूने चपट्या दांड्याची सुई लागते, आणि एकीची दुसरीत चालत नाही.

मशीन आल्यावर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाकडून सर्व सुयांवर, प्रत्येक फ्रेममध्ये एकेक नक्षी काढून घ्यावी आणि मगच जोडणीच्या कागदावर सही करावी. मशीनवरचा अनुक्रमांक बिलात आणि वॉरंटी कार्डावर तोच आहे का, हे तो जाण्यापूर्वी पाहावे. तेल कुठे आणि किती तासांनी घालायचे, हे त्याच्याकडून करून घेऊन मोबाइलवर चित्रित करावे. पहिले काही आठवडे वेग ६०० च्या वर नेऊ नये, आणि गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावण्यापूर्वी तेच काम त्याच जातीच्या चिंधीवर एकदा काढून पाहावे.